अरादच्या म्हाताऱ्या बाईसाहेब

तिमिशोआरात राहून अरादच्या फुटबॉल क्लबवर प्रेमाने लिहिणं म्हणजे ओढवून घेतलेलं भांडण. पश्चिम रोमेनियातली ही दोन शहरं, मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, रेल्वेने तासाभराची वाट. एरवी माणसं रोज ये-जा करतात, लग्नं जुळवतात, एकमेकांच्या गावात दात उपटून घ्यायला जातात. फुटबॉलचा विषय निघाला की मात्र चेहरे बदलतात. मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी मोठ्या मायेने मला पोलीचा, म्हणजे तिमिशोआराच्या पोलितेहनिकाचा, पांढरा-जांभळा मफलर दिला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मूळचा अरादचा. त्याने मफलर बोटाने जरा उचलून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "छान आहे. यांनी लीग किती वेळा जिंकली, ते सांगितलं का?"

पोलीने देशाची लीग एकदाही जिंकलेली नाही. अरादच्या उताने सहा वेळा जिंकली आहे.

उता हे 'अराद कापड कारखाना' याच्या रोमेनियन नावाचं लघुरूप. कारखाना आता नाही. त्याच्या जागेवर फ्लॅटच्या इमारती आहेत, गाड्या लावायच्या जागा आहेत, झाडं अजून काठीच्या आधाराने उभी आहेत. पण त्या भागाला लोक उताच म्हणतात, आणि क्लबही त्याच नावाने खेळतो. चाहते लाडाने त्याला 'म्हाताऱ्या बाईसाहेब' म्हणतात. या बाईसाहेबांचं कूळ शोधत गेलं की आधी भेटतो तो एक बॅरन.

फ्रान्सिस्क फॉन नॉयमन. ज्यू मुळाचं, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात वर आलेलं घराणं. मद्यार्क, यीस्ट, पिठाची गिरणी असं करत करत त्यांनी अरादमध्ये पैसा उभा केला, सम्राटाकडून सरदारकी मिळवली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापड गिरणी काढली. भर शहरातल्या हमरस्त्यावरचा नॉयमन वाडा आजही दाखवतात. याच घरातल्या तरुण फ्रान्सिस्कला फुटबॉलचं वेड होतं. १८ एप्रिल १९४५ रोजी त्याने गिरणीच्या नावाने क्लब काढला. तेव्हा त्याचं नाव 'इता' होतं.

या तारखेपाशी मी दर वेळी थबकते. बर्लिन पडायला अजून दोन आठवडे होते. रोमेनियात सोव्हिएत फौजा होत्या, सहा आठवड्यांपूर्वीच पेत्रू ग्रोझाचं डावं सरकार सत्तेवर बसलं होतं आणि गिरणीमालकांचे दिवस भरत आले आहेत हे कळायला ज्योतिषाची गरज नव्हती. अशा वेळी हा गृहस्थ सेंटर फॉरवर्ड शोधत होता. स्टेडियमही बांधायला घेतलं, तेही लंडनच्या आर्सेनल क्लबच्या हायबरी मैदानावरून बेतलेलं. पोशाखही आर्सेनलसारखाच, लाल-पांढरा. याला दूरदृष्टी म्हणावं की आंधळेपणा, मला ठरवता आलेलं नाही. सहकाऱ्याच्या मते हा साधा हट्ट होता, आणि अरादच्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी तो असतोच.

बॅरनने संघ मात्र अस्सल जमवला. अराद सरहद्दीजवळचं शहर. मुरेश नदीच्या काठावर रोमेनियन, हंगेरियन, जर्मन, सर्ब, ज्यू अशी सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली. संघातही तीच सरमिसळ होती. सगळ्यांत मोठा खेळाडू पेचोव्स्की, ज्याला सगळं गाव 'पेची' म्हणे. त्याचं नाव रोमेनियन कागदात इओसिफ, हंगेरियन कागदात योझेफ, आणि आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक कारकुनाच्या मर्जीप्रमाणे. आणि गोल करायला लादिस्लाउ बोन्हादी. १९४६-४७ ही युद्धानंतरची पहिली लीग. ती इताने जिंकली. १९४७-४८ चीही जिंकली, आणि त्या मोसमात एकट्या बोन्हादीने ४९ गोल केले. रोमेनियात एका मोसमात इतके गोल आजवर कोणीही केलेले नाहीत. १९७६-७७ मध्ये बुखारेस्टच्या दिनामो क्लबचा दुदू जॉर्जेस्कू ४७ पर्यंत गेला, सर्वाधिक गोलांसाठीचा युरोपचा सोनेरी बूट घेऊन आला, पण अरादच्या त्या आकड्याला दोन गोल कमीच पडले.

बोन्हादीचे गोल चालू होते तोवर बॅरनचा हिशेब बंद झाला. ११ जून १९४८ रोजी कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला. गिरणी सरकारजमा झाली. त्याच उन्हाळ्यात इताने लीगबरोबर रोमेनियन चषकही जिंकला, आणि तो अंतिम सामन्यात तिमिशोआराच्याच रेल्वे संघाला हरवून. (हे वाक्य माझ्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून.) म्हणजे क्लब देशात सर्वश्रेष्ठ ठरला त्याच मोसमात त्याच्या मालकाकडे काही उरलं नाही. नॉयमन देश सोडून अमेरिकेला गेला.

पुढे पाट्या बदलत गेल्या. इताचं उता झालं, मग १९५० मध्ये 'फ्लामुरा रोशिये', म्हणजे लाल निशाण. आर्सेनलवरून उचललेला लाल रंग नव्या सरकारलाही चालण्यासारखाच होता, त्यामुळे पोशाख बदलावा लागला नाही. या नावाखाली क्लबने १९५३ चा चषक आणि १९५४ ची लीग जिंकली. त्याआधी १९५० ची लीगही खात्यावर होती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उता आलं आणि कायमचं राहिलं.

खरी अडचण नावाची नव्हती. बुखारेस्टमध्ये दोन नवे क्लब उभे राहिले होते, एक सैन्याचा आणि एक गृहखात्याचा. आज त्यांना स्तेआवा आणि दिनामो म्हणतात. कोणत्याही गावात पोरगं चांगलं खेळायला लागलं की त्याला सैन्यभरतीचा कागद यायचा आणि पोरगं राजधानीत दिसायचं. पेचीलाही काही काळ सैन्याच्या संघाने नेलंच. तो परत आला, हे अरादकर अजून अभिमानाने सांगतात. गिरणीच्या क्लबाकडे द्यायला काय होतं? खेळाडू कागदोपत्री हौशी, पगार कारखान्याच्या खात्यावर. पोलीस आणि लष्कर यांच्याशी कापडाच्या ठाणांनी किती दिवस लढणार?

वीस वर्षांनी पुन्हा एकदा लढला. निकोलाए दुमित्रेस्कू, टोपणनाव कोको, बॅरनच्या जमान्यातला खेळाडू. तो प्रशिक्षक होता तेव्हा उताने १९६९ आणि १९७० अशा लागोपाठ दोन लीग जिंकल्या. मात्र पहिल्या विजेतेपदानंतर युरोपियन चषकात जे झालं ते अरादमध्ये फारसं कोणी आपणहून सांगत नाही. वॉर्साच्या लेगियाने घरी येऊन २-१ असं हरवलं, आणि परतीच्या सामन्यात ८-०. आठ! गावातल्या विजेत्या संघाची युरोपने अशी धुलाई केल्यावर दुसऱ्या वर्षी चिठ्ठी निघाली तेव्हा लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते. चिठ्ठीत नाव होतं फेयेनूर्द.

रॉटरडॅमचा फेयेनूर्द त्या वेळी साधा संघ नव्हता. मे १९७० मध्ये मिलानला सेल्टिकला हरवून तो युरोपचा विजेता झाला होता. वाटेत उपांत्य फेरीत त्याने ज्याला बाहेर काढलं तो लेगिया, म्हणजे अरादला दहा गोल मारणारा. प्रशिक्षक एर्न्स्ट हापेल, मधल्या फळीत फान हानेगेम, पुढे स्वीडनचा किंडवाल. ९ सप्टेंबरला त्यांनी अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेसला हरवून जगज्जेतेपदाचा चषकही मिळवला. चष्मा लावून खेळणाऱ्या योप फान दालेने गोल केला आणि चिडलेल्या अर्जेंटिनियनांनी त्याचा चष्मा फोडला, तोच हा सामना. यानंतर एका आठवड्याने, १६ सप्टेंबरला, त्याच रॉटरडॅममध्ये अरादची गिरणी खेळायला उतरली.

१-१. पहिला गोल उताचा, फ्लोरियन दुमित्रेस्कूचा. यान्सेनने बरोबरी केली, आणि त्यापुढे डच काही करू शकले नाहीत. बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलाला तेव्हा जास्त वजन असे. म्हणजे अरादमध्ये गोल खाल्ला नाही तरी पुरे होतं. ३० सप्टेंबर, बुधवार. गोलात गेओर्गे गोर्नेआ. निकाल ०-०. जगज्जेते पहिल्याच फेरीत घरी.

गोलच न झालेला सामना पन्नास वर्षं कसा काय सांगत राहतात, असं मी एकदा सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, माझ्या आजीला विचार.

आजी पंच्याऐंशीच्या घरातल्या. जुन्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आधी भरलेल्या मिरच्या वाढल्या आणि मग बोलायला सुरुवात केली, तीही इतक्या मोठ्याने की मी दचकले. नातू हसला. "साचाखात्यात होती ना," म्हणाला. आजींनी उमेदीची सारी वर्षं गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काढली. त्या खडखडाटात शेजारणीशी बोलायचं तर ओठांवरून समजायचं किंवा ओरडायचं. कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. त्यांनी मला बोटं दाखवली. तुटलेला धागा पकडून गाठ मारायची, तेही साचा जास्त वेळ न थांबवता. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी अजून एकमेकांवर घासत राहतात, त्यांना नकळत. टेबलावरच्या कापडाची कड त्या बोलता बोलता अशी चाचपत होत्या की माल पास करायला बसल्या आहेत असं वाटावं.

"त्या बुधवारी खात्यात पुरुष नव्हतेच," नातवाने भाषांतर केलं. मुकादमही नव्हता. कोणाची बायको आजारी पडली होती, कोणाची सासू मेली होती. "त्या एका दिवसात अरादमध्ये जेवढ्या सासवा मेल्या तेवढ्या युद्धातही मेल्या नसतील." बायकांनी ज्याचे त्याचे साचे वाटून घेतले आणि पाळी निभावली. सामना कसा झाला ते सुटीनंतर फाटकावर कळलं. मी विचारलं, तुम्ही कधीच गेला नाहीत का? एकदाही नाही. रविवारी धुणं असायचं, पोरं असायची. पण सोमवारी खात्यात शिरल्या शिरल्या कळायचं काय झालंय ते. संघ जिंकला असला की मुकादम ओरडत नसे.

उताच्या इतिहासावर जे काही वाचायला मिळतं त्यात बॅरन असतो, पेची असतो, ४९ गोल असतात, फेयेनूर्द असतो. बायका नसतात. गिरणीत तर बहुतेक त्याच होत्या. लाल-पांढऱ्या जर्सीत फोटोला उभे राहिलेले अकरा पुरुष ज्यांच्या कामावर पगारी खेळाडू झाले, त्यांच्यापैकी एकीचंही नाव क्लबाच्या कहाणीत नाही. बॅरनविषयी अरादकरांना वाटणारं प्रेम मला समजतं. ज्याच्याकडून सगळं हिसकावून घेतलं त्याच्याविषयी माया वाटतेच. पण तो गिरणीमालक होता. स्टेडियम त्याच्या खिशातून आलं असं म्हणताना, खिशात कुठून आलं हेही बघावं. सरकार आल्यावर गिरणी कामगारांची झाली म्हणे. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, साचे तेच होते, मुकादम तोच होता, फक्त भिंतीवरचा फोटो बदलला.

फेयेनूर्दनंतर बेलग्रेडच्या रेड स्टारने उताला सहज बाहेर काढलं. पण १९७१-७२ मध्ये, यूएफा चषक पहिल्यांदा खेळला गेला त्या वर्षी, गिरणी पुन्हा चालली. ऑस्ट्रियाचा साल्झबुर्ग, पोलंडचा वाउब्झिख, पोर्तुगालचा सेतुबाल असे तीन संघ पार करून उता उपांत्यपूर्व फेरीत गेला, आणि समोर आला लंडनचा टॉटनहॅम. आर्सेनलचे जन्मवैरी! आर्सेनलवरून बेतलेला पोशाख घालून, आर्सेनलवरून बेतलेल्या मैदानात, अरादकरांनी टॉटनहॅमला तोंड दिलं आणि ०-२ असे हरले. परतीला खुद्द टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेनवर १-१ बरोबरी केली. चषक शेवटी टॉटनहॅमनेच नेला. बॅरन तेव्हा अमेरिकेत होता. त्याने या सामन्याची बातमी वाचली का, वाचून कोणाला सांगितली का, याचा मी बरेचदा विचार करते.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगितलेली बरी. १९७९ मध्ये उता पहिल्यांदा खालच्या विभागात गेला. शेजारच्या सेमलाक गावचा हेल्मुट दुकादाम नावाचा जर्मन वंशाचा गोलरक्षक इथेच घडला आणि १९८२ मध्ये स्तेआवाकडे गेला. १९८६ च्या मे महिन्यात सेविय्याला बार्सेलोनाच्या चारच्या चारही पेनल्टी त्याने अडवल्या आणि स्तेआवा युरोपचा विजेता झाला. पुढे आजारपणानंतर तो परत आला तो अरादलाच, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या वागोनुल संघात. २०२४ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा आमच्या ऑफिसात पोलीवाले आणि उतावाले दोघंही गप्प होते. असं मी एवढ्या एकाच वेळी पाहिलं.

१९८९ नंतर गिरणी धापा टाकत बंद पडली. क्लब वर जायचा, खाली यायचा, मालक बदलायचे, आणि अखेर २०१३-१४ च्या सुमारास दिवाळं निघालं. मग चाहत्यांनी बाईसाहेबांच्याच नावाने अगदी तळाच्या, जिल्ह्याच्या लीगपासून संघ पुन्हा उभा केला. सहा लीग जिंकलेला क्लब शेतातल्या मैदानांवर, बाजूने कोंबड्या फिरत असताना खेळला, आणि लोक बसगाड्या भरून तिथेही गेले. जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायला घेतलं ते काम वर्षानुवर्षं रखडलं. तोवर घरचे सामने गावातल्याच मोतोरुल मैदानावर. २०२० मध्ये एकदाचं दोन्ही झालं: उता पहिल्या लीगमध्ये परतला आणि साडेबारा हजारांच्या आसपास खुर्च्यांचं नवं स्टेडियम उघडलं. नाव फ्रान्सिस्क फॉन नॉयमन. आणि नेमका महामारीचा मोसम, खुर्च्या रिकाम्या. त्याच वर्षी क्लुजच्या सीएफआरने सहावी लीग जिंकून उताची बरोबरी केली, दुसऱ्या वर्षी सातवी जिंकून मागे टाकलं. युद्धानंतर राजधानीबाहेरचा सगळ्यांत यशस्वी क्लब हा मानही गेला.

मी सामन्याला गेले ते बरंच नंतर. मफलर घरी ठेवून. दाराबाहेर कोळशावर मिच, म्हणजे खिम्याचे कबाब, भाजत होते, कागदी ताटलीत मोहरीचा गोळा आणि पावाचा तुकडा. आत प्रत्येकाच्या हातात सूर्यफुलाच्या बिया. दातांत फोडायची, टरफल थुंकायचं, नजर मैदानावरून हलवायची नाही. मध्यंतरापर्यंत पायांखाली टरफलांचा राखाडी थर. खेळ रटाळ होता. खुर्च्या अजून नव्या प्लास्टिकच्या. शेजारचे आजोबा बियांची पुडी माझ्यापुढे धरून सांगू लागले की जुन्या स्टेडियममध्ये खेळाडूच्या अंगाचा वास यायचा इतकं जवळ बसत होतो. मग त्यांनी सहकाऱ्याला विचारलं, ही कुठली? भारतातली म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तिमिशोआराची नाही ना? मग बसू दे."

परत येताना सहकाऱ्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. स्टेडियम बॅरनच्या नावाचं आहे, ठीक आहे. पण एका बाजूच्या स्टँडला गिरणीतल्या बायकांचं नाव द्यावं, तसा अर्ज चाहत्यांच्या सह्या घेऊन करावा. मला पटलं. मी म्हटलं, आधी आजींना विचारू.

आजींना दोनदा ओरडून सांगावं लागलं. समजल्यावर त्या नातवाकडे बघत राहिल्या. "नाव द्या नाहीतर नका देऊ," त्या म्हणाल्या. "तिथे बायकांसाठी संडास आहे का, ते आधी सांग. जुन्यात नव्हता."

आहे, स्वच्छ आहे, मी स्वतः पाहिलाय, म्हटलं.

"मग या वेळी येते."

आल्या मात्र नाहीत. सामना रात्री साडेआठचा निघाला, थंडी कडाक्याची होती, आणि चौथ्या मजल्याला अजूनही लिफ्ट नाही. अर्जावर सही केली आहे.